चाराचा आठ

सुभेदार,

तुमच्या श्रद्धांजलीचा कार्यक्रम जयवंतनं ठरवला आणि तुमची स्पीकरची खोकी जोडायला त्यानं मलाच बोलावलं. फोनवर म्हणाला, "पलूस, तुज्याशिवाय सुभेदारांचा टोन कोन काढनार रं? तू यायलाच पायजेस." मी "बघतो" म्हणालो, फोन ठेवला आणि दुकानाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसलो. शिलाँगला दुपारीच धुकं उतरतं. समोरचं काही दिसत नव्हतं, ते बरंच झालं. तुम्ही गेलात हे काकूंनी कळवलं तेव्हा मी नुसता बधिर झालो होतो. त्याच्या तोंडून तुमचं नाव आणि तुमचा टोन ऐकला तेव्हा रडलो, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं.

आता तो कार्यक्रम उरकलाय आणि मी परत इथं येऊन पोचलोय. तुम्हाला नेलं तेव्हा मला गाठता आलं नाही. गुवाहाटी, पुणे, सातारा करत येईपर्यंत थांबायला तुम्ही थोडेच तयार झाला असतात. म्हणून जे घडलं ते लिहून कळवतो. माझी शाळा नववीत सुटली, चुका होतील. तुम्ही असतात तर त्या चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवल्या असत्यात.

पलूसला आपली पहिली गाठ पडली तेव्हाही तुम्ही मला चारचौघांतच झापलं होतं. उसाच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरायच्या दुकानात मी कामाला होतो. काळी पडलेली तार उचकटायची, नवी तार मोजून गुंडाळायची, दिवसभर तेच. तुम्ही पलटणीतल्या चालीनं आत आलात आणि पिशवीतून मूठभर आकाराची एक वस्तू काढून माझ्यासमोर आपटलीत.

"हे भरून पायजे."

"ही मोटार न्हाई," मी म्हणालो.

"मी कुठं म्हन्लं मोटार हाय? ह्यातनं पानी निघत न्हाई. आवाज निघतो."

मालक हसले. तुम्ही हसला नाहीत. साताऱ्यात कुणीच गिटारच्या अ‍ॅम्पच्या त्या ट्रान्सफॉर्मरला हात लावायला तयार नव्हतं, कारण त्याला बाहेर पडणाऱ्या तारा तीन वेगवेगळ्या जागी काढलेल्या होत्या. एक चारची, एक आठची, एक सोळाची. मी विचारलं, चार काय? तुम्ही म्हणालात, "ओम." मी मान डोलावली. मला वाटलं देवाचं नाव घेतलंत. पुढं कितीतरी दिवस मी ओहमला ओमच समजत होतो आणि प्रत्येक जोडणीआधी मनातल्या मनात हात जोडत होतो. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही पुऱ्या ऑर्केस्ट्राला सांगितलंत. तरी पुढं तुम्हीही ओमच म्हणायला लागलात, हे मी विसरलेलो नाही.

पलटणीच्या जॅझ बँडमध्ये गिटार वाजवून निवृत्त झालेला माणूस साताऱ्यात ऑर्केस्ट्रा काढतो, आणि मोटारी भरणाऱ्याला उचलून त्यात घेतो. का घेतलंत, हे विचारायचं राहूनच गेलं. गाव पलूस म्हणून माझं नाव तुम्ही पलूस पाडलंत, आणि माझं खरं नाव आता फक्त आधार कार्डावर उरलंय.

तुम्ही मला आधी जोडायला शिकवलं नाही, ऐकायला शिकवलं. मला भिंतीकडं तोंड करून उभा करायचात आणि एकच स्वर वाजवायचात. मध्येच अ‍ॅम्पच्या मागचा खटका चारवरून आठवर फिरवायचात.

"आता काय झालं?"

"आवाज जाड झाला."

"अजून?"

"कडा गेली. गोधडी टाकल्यागत वाटतंय."

"आनि व्हॉल्व्हला हात लाव."

अ‍ॅम्पमधल्या त्या दिव्यासारख्या काचेच्या नळीला हात लावला आणि चटका बसला. "हां. खोकं चारचं हाय आनि अ‍ॅम्पला वाटतंय आठचं हाय. बिचारा चुकीच्या हिशेबानं राबतोय. ह्याला म्हनायचं इंपीडन्स," असं म्हणून तुम्ही सरबत मागवलंत. माझ्या बोटाला फोड आला होता. तुम्ही बशीतला बर्फ द्याल असं वाटलं होतं, तो तुम्ही सरबतात टाकलात.

बराकीची गोष्टही तेव्हाचीच. एका बराकीला दोन दारं एकामागं एक असली, तर शिपायांना दोन्हीतून जावं लागतं, गर्दी अडते. ती सिरीज. दोन दारं शेजारीशेजारी उघडली की भराभरा बाहेर पडतात. ते पॅरलल. "पन बाहेर हजेरी घेनारा हवालदार एकच असतोय, ध्यानात ठेव. दारं वाढवशील तितकी मानसं त्याच्या अंगावर येतात. अ‍ॅम्प म्हंजे तो हवालदार. चार ओमच्या खाली गेलास की चेंगरून मरतोय." आठ ओमचे दोन स्पीकर शेजारीशेजारी जोडले की चार होतात, चारची दोन खोकी शेजारीशेजारी जोडली की दोन. नववीपर्यंतच्या सगळ्या गणितात मला जे कळलं नव्हतं ते तुम्ही बराकीच्या दारात उभं राहून कळवलंत. आज शिलाँगला मी जे दोन घास खातो ते त्या दारांवर. इथं पोरं शाळा किती झाली म्हणून विचारत नाहीत. गिटारचा अ‍ॅम्प पुढ्यात ठेवतात आणि विचारतात, हा असा का रडतोय. मावसभावाच्या सोनं गाळायच्या दुकानात काम करायला म्हणून मी इतक्या लांब आलो. सोनं मला जमलं नाही, पण हे जमलं. तुमचे उपकार मोठे आहेत. ते एकदा लिहून टाकतो आणि मग जे सांगायचं ते सांगतो, कारण पुढं मी चांगलं बोलणार नाही.

तुमच्या दोन खोक्यांत प्रत्येकी आठ-आठ ओमचे दोन स्पीकर होते, पॅरललमध्ये. म्हणजे प्रत्येक खोकं चारचं. पाठीमागं तुम्ही पांढऱ्या ऑइल पेंटनं मराठी चार काढलात, तळहाताएवढा, दोनदा हात मारून. त्यावरून आपलं वाजलं होतं.

"आवं सुभेदार, इंग्रजी काढा. अ‍ॅम्पवर सगळं इंग्रजी असतंय. घाईत मानूस चाराचा आठ वाचंल."

"ज्याला मराठी चार वाचता येत न्हाई त्यानं माज्या खोक्याला हात लावायचा न्हाई."

"पन घाईत..."

"घाई असंल त्यानं ढोल वाजवावा."

ड्रमवर बसलेल्या वसंतदादांनी काठी उगारली तेव्हा कुठं तुम्ही थांबलात. तो चार तसाच राहिला. वर टोकं जुळत आलेली, खाली गाठ. खरोखर इंग्रजी आठासारखाच दिसायचा.

मी शिलाँगला आल्यावर खंडाळ्याचा तो कार्यक्रम झाला. जयवंत तेव्हा आपल्यातून बाहेर पडून स्वतःची साउंड सिस्टीम काढून बसला होता. आपलाच कीबोर्डवाला, तुम्हीच उभा केलेला. खंडाळ्याला पुण्याचा कुणी गिटारवाला येणार होता, त्याच्याजवळ स्वतःचा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प होता, फक्त खोकी हवी होती. जयवंत तुमची घेऊन गेला. मागं आकडा बघितला, आठ वाचला. खात्री करायला जाळीतून आत डोकावला असेल, तर आतल्या स्पीकरवरही कंपनीनं इंग्रजी आठच छापलेला. आठची दोन खोकी, शेजारीशेजारी, चार होतील, अ‍ॅम्पला चालतील. इथपर्यंत त्याची चूक मी माफ करू शकतो. मी तुम्हाला सांगितलंच होतं.

प्रत्यक्षात झाले दोन ओम. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प निदान तापून तरी सांगतो. ट्रान्झिस्टरचा तक्रार करत नाही. पहिली काही गाणी तो असा जोरात गायला, की लोक म्हणाले, काय आवाज आहे. मग धूर आला.

आणि मग जयवंत बोलला. पुण्याच्या माणसापुढं, मंडपवाल्यांपुढं, आणि नंतर आठवडाभर साताऱ्यातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर. "जोडनी माजी बरोबर हुती. सुभेदारांच्या वायरीत शॉर्ट हुता. वय झालं आता, हात थरथरतो, डाग कच्चा बसतो."

सोल्डरिंगला आपल्याकडं डाग देणं म्हणतात. तुमचा डाग कसा असायचा ते मला माहीत आहे. थेंब पडल्यासारखा चकचकीत, ओढून तार तुटेल पण डाग सुटणार नाही. त्या एका शब्दानं त्यानं तुमच्या हातावरही डाग लावला आणि नावावरही. सुभेदारांचा डाग कच्चा. लोकांना म्हणायला सोपं पडलं. बोलावणी बंद झाली. वसंतदादा घरी येऊन तुम्हाला समजुतीनं म्हणाले, "सुभेदार, वाजवा तुमी, पन जोडाजोड आता दुसऱ्या कुनाकडनं घ्या करून." तुम्ही त्यांना चहा दिलात. काकूंनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज तुटत होता. आणि तुम्ही मागून ओरडत होतात, "त्याला काय सांगत बसलीयास, त्याला कामं हायत."

पुढच्या वेळी मी घरी आलो तेव्हा तुम्ही मला माळ्यावर नेलंत. दोन्ही खोकी कोरी करकरीत काळी झाली होती. कोपऱ्यांना नव्या पट्ट्या. पाठीमागं सुबक इंग्रजी आठ. "जयवंतनं रंगवून दिलीत. भेट म्हनून," तुम्ही म्हणालात. मग माझं बोट धरून तुम्ही त्या काळ्या रंगावरून फिरवलंत. खाली तुमचा चार हाताला लागत होता, वर टोकं जुळत आलेली, खाली गाठ. ऑइल पेंट दोनदा मारलेला, तो कुठं जातोय.

म्हणजे त्याला कळलं होतं. खंडाळ्याहून येऊन त्यानं मीटर लावलं असेल, आणि कळल्यावर कबूल व्हायच्या ऐवजी डबा आणि ब्रश आणला. चूक घाईत झाली, पण ब्रश दोनदा बुडवताना घाई नव्हती.

"वसंतदादांना बोलावू या," मी म्हणालो. "त्यांचं बोट धरून फिरवू या."

"न्हाई."

"आवं, का न्हाई?"

"ज्यानं जन्मभर माज्या मागं ठेका धरला त्याला माजा हात कसा हाय ते मी पुरावा देऊन सांगू? त्याला त्याचं कळाय पायजे. न्हाई कळत तर ऱ्हाऊ दे."

"मग मी सांगतो."

"तू बोलायचं न्हाई. हुकूम हाय, पलूस."

मी त्या दिवशी जेवलो नाही. त्यानंतर प्रत्येक फोनवर मी तो विषय काढला आणि प्रत्येक वेळी तुम्ही विचारलंत, तिकडं पाऊस आहे का. शिलाँगला कायम पाऊस असतो, सुभेदार. तुम्हाला माहीत होतं. तुमच्यावरही माझा राग आहे तो इथं. तुम्ही मान ताठ ठेवून माळ्यावर गिटार वाजवत बसलात, आणि तुमच्या गप्प बसण्यावर जयवंत मोठा होत गेला. त्याला लाज वाटेल अशी वाट बघत बसलात. लाज अशी आपण होऊन येत नसते. तिला बोलवावं लागतं.

हुकूम देणारा गेला की हुकूम चालू राहतो का, हे पलटणीत काय आहे मला माहीत नाही. कुणाला विचारलंही नाही.

श्रद्धांजलीसाठी निघालो तेव्हा गाडीत मी एकच विचार करत आलो. गुपचूप दोन्ही खोकी पॅरललमध्ये जोडायची. जयवंतनं आता बाहेरून मागवलेला नवा अ‍ॅम्प घेतलाय, त्याच्यावर साफ लिहिलंय, चार ओमच्या खाली जाऊ नये. आधी तो झकास गाईल. जयवंत लोकांकडं बघून हसेल. मग त्याच्या डोळ्यांदेखत, भर कार्यक्रमात, त्याच्या त्या देखण्या अ‍ॅम्पमधून धूर निघेल. तो धूर मी कल्याणपर्यंत डोळ्यांसमोर बघत होतो आणि मला फार बरं वाटत होतं. पुढं मग घाम फुटला. मला काळजीचा रोग आहे, तुम्हाला ठाऊक आहे, वायर लावली तरी दहादा ओढून बघतो. वाटलं, लोक काय म्हणतील? म्हणतील, सुभेदारांच्या खोक्यांनी अजून एक अ‍ॅम्प खाल्ला. म्हणतील, डागच कच्चा. मेल्यावर पुन्हा तुम्हीच.

सकाळी घरी गेलो. खोकी जयवंतनं आधीच हॉलवर नेली होती. तुमचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प काकूंनी त्याला दिला नव्हता, तो चादरीखाली होता. काकू म्हणाल्या, "आलास, बरं झालं. जयवंत लई धडपडतोय रे ह्यांच्यासाठी." त्यांनी भाकरी वाढली ती गिळली. माझ्या पिशवीत दोन वायरी होत्या, एक पॅरललची, एक सिरीजची. दोन्ही शिलाँगहून करून आणलेल्या. दोन्हींचे डाग पक्के.

हॉलवर कार्यक्रमाआधी जुने सगळे जमले होते. वसंतदादा ड्रम लावत होते, ट्रंपेटवाले मास्तर खुर्चीत पाय सोडून बसले होते. गिटारला तुमची शेवटची शिष्या, ती कॉलेजातली अश्विनी. जयवंत फुलांच्या हारांची जागा ठरवत फिरत होता. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लाव गड्या. सुभेदार वरनं बघत असतील."

मी खोकी पालथी केली. इंग्रजी आठ सगळ्यांना दिसेल अशी. एका हातात पॅरललची वायर घेतली आणि मुद्दाम मोठ्यानं बोललो.

"जयवंतराव, ही खोकी किती ओमची?"

"लिवलंय की त्याच्यावर."

"तुमी सांगा. रंग तुमचा हाय."

"अरं मीटर लाव ना, मीटर न्हाई का तुज्याजवळ?"

"हाय की खिशात. पन मीटरपेक्षा तुमच्यावर जास्त भरोसा हाय. आठची असतील तर पॅरलल लावतो, चार होतील, तुमच्या अ‍ॅम्पला काय व्हायचं न्हाई. खंडाळ्याला लावली हुती तशीच. लावू?"

आणि वायरीचं टोक मी त्याच्या नव्या अ‍ॅम्पच्या भोकापाशी नेलं. नेलं म्हणजे टेकवलं.

वसंतदादांनी काठ्या खाली ठेवल्या. मास्तरांनी पाय आत घेतले. सुभेदार, त्या वेळी मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो आणि तुम्हाला सांगतो, मला ते बघायला आवडलं. आठ म्हणाला असता तर मी लावली असती. कार्यक्रम बुडाला असता, काकू रडल्या असत्या, तरी लावली असती. त्याला ते माझ्या डोळ्यांत दिसलं असावं. एकीकडं त्याचं खोटं आणि एकीकडं त्याचा अ‍ॅम्प, आणि मध्ये माझा हात.

"चार हायत," जयवंत म्हणाला.

"ऐकू आलं न्हाई."

"चार हायत रं. सिरीजमध्ये लाव."

वसंतदादा ड्रमच्या मागून उठले. गुडघ्यांवर हात देत आले. मी काही बोललो नाही, म्हटलं तर तुमचा हुकूम पाळला. त्यांनी स्वतःच खोक्याच्या पाठीवर तळवा ठेवला, मग बोट. बराच वेळ ते बोट फिरत होतं. ते जन्मभर तुमच्या मागं बसले, तुमची पाठ त्यांना पाठ होती. तुमचा आकडा ओळखायला त्यांना डोळे लागले नाहीत.

"मग खंडाळ्याला?" त्यांनी विचारलं.

"तवा घाई झाली, दादा."

"घाई तवा झाली. रंग द्याला निवांत बसला हुतास."

जयवंत म्हणाला, "दादा, आता आजच्या दिवशी ते कशाला." त्यावर मास्तर त्यांच्या त्या बसक्या आवाजात म्हणाले, "आजच्याच दिवशी. सुभेदारांचा दिवस हाय." आणि परत पाय सोडून बसले.

मी सिरीजची वायर लावली. हात इतका थरथरत होता, की दोनदा भोक चुकलं. थरथरत्या हातानंही जोडणी नीट होते, हे त्या निमित्तानं सगळ्यांनी बघितलं.

कार्यक्रम झाला. सिरीजमध्ये तुमच्या खोक्यांचा सूर जरा सैल लागतो, तुम्हाला कधी आवडला नाही. शेजारीशेजारी जोडलेले स्पीकर एकमेकांना आवरून धरतात, एकामागं एक जोडलेले पाय ओढतात, असं तुमचं म्हणणं. मला त्यात कधी एवढा फरक ऐकू आला नाही आणि त्या दिवशीही आला नाही. अश्विनी चांगली वाजवते. शेवटचा स्वर सोडताना बोट तुमच्यासारखंच उशिरा उचलते.

जयवंत माइकवर तुमच्याबद्दल फार सुंदर बोलला. तुमची गिटार लागली की साताऱ्यात संध्याकाळ झाल्यागत वाटायचं, असं म्हणाला. समोर लोक डोळे पुसत होते. मागं ड्रमवर वसंतदादा होते आणि जयवंत बोलताना एकदाही मागं वळला नाही. तुम्ही म्हणाल, झालं ना तुझं समाधान? नाही झालं. मला वाटलं होतं, एकदा त्याच्या तोंडून चार आला की माझ्या छातीतली ही गाठ सुटेल. सुटली नाही. तुम्ही ऐकायला नव्हतात. हे त्यानं तुम्ही असताना म्हणायला हवं होतं, तुमच्या दारात येऊन, काकूंसमोर. तेवढ्यासाठी मी त्याला माफ करत नाही आणि करणारही नाही. तुम्हाला करायचं असेल तर तुम्ही करा. तुमचा तो स्वभावच आहे, तोंडानं तोफखाना आणि पोटात काही नाही. माझ्या पोटात राहतं.

कार्यक्रम संपल्यावर दुपारच्या उन्हात जयवंतचा टेंपो दाराशी लागला. तो स्वतः फाळका पाडून उभा होता. "खोकी ठेवा, दादा, काकूंकडं सोडतो," म्हणाला. वसंतदादांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. एका बाजूनं त्यांनी हात घातला, दुसऱ्या बाजूनं मी. मागच्या खोक्याला मास्तर आणि अश्विनी. टेंपोला वळसा घालून आम्ही रस्त्याला लागलो.

केवढी जड खोकी केलीत तुम्ही, सुभेदार. सागवानाची काय गरज होती. दर विजेच्या खांबाला खाली टेकवत होतो. मास्तर तुम्हाला अशा शिव्या घालत होते, की अश्विनी हसून हसून खोकं सोडायला आली. वसंतदादांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी म्हणालो, "दादा, तुमी ऱ्हाऊ द्या, मी रिक्षा बघतो." ते म्हणाले, "गप चल." एवढंच. रिक्षा शेजारून गेल्या. त्यांनी हात केला नाही.

काकू दारातच उभ्या होत्या. आम्हाला तसं घामानं निथळत येताना बघून त्यांनी पदर सावरला.

"अगं बाई. गाडी नव्हती का रे?"

"हुती, वहिनी," वसंतदादा म्हणाले, आणि खोकं उंबऱ्याच्या आत ठेवलं.